मेणबत्ती, त्राटक आणि मॅनोमीटर

सबमिशनच्या धामधुमीत आमच्या रूमवर त्राटकाचं खूळ शिरलं. दिवे बंद, टेबलावर मेणबत्ती आणि तिच्याकडे टक लावून बसलेले आम्ही तिघं! एकाला चष्मा घालवायचा होता, दुसऱ्याला एम-थ्री काढायचा होता, मी आपला सोबतीला. तिसऱ्या रात्रीनंतर माझे डोळे असे चुरचुरले की लेक्चरला फळासुद्धा धड दिसेना. मग लायब्ररीत शोधाशोध केली आणि स्वामी कुवलयानंद भेटले.

मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म 1883, गुजरातेत डभोईला. बडोद्याला राजरत्न माणिकरावांकडे अंग कमावलं, पुढे आपल्या शेजारच्या खानदेशात अमळनेरला शिक्षक आणि मग तिथल्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य. म्हणजे आपल्यासारख्या पोरांना हाकलेला माणूस! 1919 मध्ये नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजी भेटले. त्यांना गुरू केलं.

गुरूवर श्रद्धा पूर्ण, पण योगक्रियांनी शरीरात नेमकं काय होतं ते तपासल्याशिवाय मानायचं नाही. मला हा माणूस इथेच आवडला. बडोद्याच्या दवाखान्यात विद्यार्थ्यांना उड्डियान, नौली करायला लावून त्यांनी एक्स-रेखाली पाहिलं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब मोजला, तर तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. फ्लुइड्सच्या लॅबमधला मॅनोमीटर आठवा! बस्तीत पाणी आत ओढलं जातं ते या फरकामुळे, चमत्कार नाही. त्या पोकळीला नाव मात्र गुरूंचंच दिलं. रीडिंग उलटं आलं असतं तर? गुरूंची विद्याच पणाला लावली होती की त्यांनी!

1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक. प्रयोग केले ते छापून जगापुढे ठेवले.

त्राटकही नौली-बस्तीच्याच पंगतीतलं, हठयोगातल्या सहा शुद्धिक्रियांपैकी एक. बारीक लक्ष्यावर नजर स्थिर करायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंतच. आम्ही पाणी पुसून पुन्हा बसत होतो! नाकाच्या शेंड्यावर किंवा भुवयांच्या मध्ये नजर लावणं तर त्याहून नाजूक. आसनांवरच्या पुस्तकात कुवलयानंदांनी तिथे जपून राहायला बजावलंय.

1966 मध्ये ते गेले.

मी मेणबत्ती सोडली. चष्मेवाल्यानं नाही. त्याला एक वही दिलीय: रोज किती मिनिटं बसला, डोळ्यांचं काय झालं. सेमिस्टर संपली की नंबर तपासायचा. पैज एका मिसळीची, एक्स्ट्रा पाव धरून.