स्वतःला गाय समजणारा राजपुत्र आणि त्याचा हकीम

इब्न सीना हे नाव आपल्याकडे युनानी वैद्यक शिकणाऱ्यांना पाठ असते. इतरांच्या कानांवरून ते क्वचितच गेलेले असते. युरोपने त्याला अविसेना म्हटले आणि त्याचा अल-कानून हा ग्रंथ सतराव्या शतकापर्यंत आपल्या विद्यापीठांत शिकवला. या माणसाचा जन्म इ. स. 980 चा, आजच्या उझबेकिस्तानातल्या बुखारा शहराजवळच्या एका खेड्यातला. वडील सरकारी अधिकारी. दहाव्या वर्षी मुलाचे कुराण पाठ झाले, तेव्हा वडिलांनी त्याला हिशेब शिकायला पाठवले ते एका भाजीवाल्याकडे. त्या भाजीवाल्याला भारतीय अंकगणित येत होते.

पुढे वैद्यक त्याला सोपे वाटले, तत्त्वज्ञानाने मात्र चांगलेच दमवले. सोळाव्या वर्षी तो रुग्ण तपासू लागला होता. थोड्याच दिवसांत बुखाराच्या राजाच्या आजारपणात त्याला बोलावणे आले आणि त्या निमित्ताने राजवाड्यातले ग्रंथालय त्याला खुले झाले. बावीसच्या सुमारास वडील वारले आणि भटकंती सुरू झाली. मध्य आशियातली राज्ये तेव्हा पत्त्यांच्या घरासारखी कोसळत होती. सोमनाथमुळे आपल्याला माहीत असलेला गझनीचा महमूद आसपासचे विद्वान आपल्या दरबारी गोळा करत होता. अल बिरुनी गझनीला गेला. इब्न सीना तिकडे कधीच फिरकला नाही. तो पश्चिमेला, इराणकडे सरकत राहिला.

1014 च्या सुमारास तो आजच्या तेहरानजवळच्या रे या नगरीत आला. तिथे बुवेही घराण्याचा तरुण राजा मज्द अद्-दौला नावापुरता गादीवर होता; कारभार त्याची आई पाहत असे. राजाला मेलँकोलिया झाला होता. काळे पित्त वाढून मन झाकोळते, अशी त्या काळची समजूत. इब्न सीनाने त्याच्यावर उपचार केले, अशी नोंद त्याचा शिष्य जुझजानी याने करून ठेवली आहे.

बुवेही घराण्यातल्या अशाच एका रुग्णाची हकिगत चहार मकाला या फारसी ग्रंथात येते. ग्रंथ इब्न सीनाच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेला. त्यात राजपुत्राचे नाव नाही. तो मज्द अद्-दौलाच, असे पुढच्या लोकांनी ठरवून टाकले. हकिगतीला तिखटमीठ लागलेले असणार. पण त्यातले आजाराचे वर्णन मनोविकारांच्या वॉर्डात काम केलेल्या कुणालाही खरे वाटेल असे आहे.

हा राजपुत्र स्वतःला गाय समजत होता. दिवसभर हंबरायचा. मला कापा, माझ्या मांसाचा चांगला हरीसा करा, म्हणून घरच्यांच्या मागे लागायचा. होता होता त्याने खाणे सोडले. वैद्य हरले. अंगावरची हाडे दिसू लागली.

या हकिगतीची गंमत सांगणारे बहुतेक जण गायीपाशीच थांबतात. पण या माणसाचे मागणे काय होते, ते पाहायला हवे. त्याला कुरणात चरायचे नव्हते, कळपात राहायचे नव्हते. त्याला मरायचे होते. मरण मागायला त्याच्या आजारी मनाला एक प्राणी सापडला होता, जो कापलाच जातो. तीव्र नैराश्यात असे भ्रम होतात. कुणाला आपली आतडी कुजली आहेत असे वाटते, कुणाला आपण मेलोच आहोत असे वाटते. अशा माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. तू माणूस आहेस, आरशात बघ, हे त्याला घरच्यांनी शंभरदा सांगून झालेले असते.

इब्न सीना तेव्हा वजीर होता. त्याने आधी निरोप धाडला की खाटीक येतो आहे. राजपुत्र आनंदला. मग हा हातात सुरी घेऊन, दोन माणसांसह वाड्यात आला आणि गाय कुठे आहे म्हणून विचारू लागला. राजपुत्र हंबरत पुढे आला आणि अंगणाच्या मध्यभागी कुशीवर आडवा झाला. त्याचे हातपाय बांधले गेले. इब्न सीनाने सुरीवर सुरी घासली, जवळ बसला आणि खाटकाच्या सराईतपणे त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला. गाय फारच रोड आहे, आज कापण्याजोगी नाही, हिला चांगले खाऊ घाला, असे सांगून तो उठला. पुढ्यात येईल ते राजपुत्र खाऊ लागला, अन्नातून दिलेली औषधेही पोटात गेली. महिन्याभरात तो बरा झाला, असे ग्रंथ म्हणतो.

बरगड्यांवरचा तो हात म्हणजे तपासणीच होती. उपाशी माणूस किती खंगला आहे, हे त्याखेरीज कसे कळणार? आणि आज नको, या निर्णयाने दिवस मिळाले. मरणाची ओढ लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत आजही पहिली धडपड असते ती वेळ मिळवण्याची. बाकीचे मात्र आज कुणी करणार नाही. रुग्णाला बांधून फसवणे मान्य होणार नाही. दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर अन्न दिले तर रक्तातले फॉस्फेट घसरून जीव जाऊ शकतो, म्हणून आहार हळूहळू वाढवतात. भ्रमाला होकारही देत नाहीत आणि खोडूनही काढत नाहीत. जेवण, झोप, भीती यांविषयी बोलतात आणि औषधे सुरू करतात. अन्नपाणीच बंद झाले असेल तर विजेचे उपचार, म्हणजे ईसीटी, पुष्कळदा जीव वाचवतात.

आपण लांडगा झालो असे वाटून रात्री कबरस्तानात भटकणाऱ्यांचे वर्णन इब्न सीनाने अल-कानूनमध्ये केले आहे. चेहरा पांढुरका, डोळे कोरडे, पायांवर जखमा. त्याने त्याला आजार म्हटले, आणि हा आजार त्याने मेंदूच्या विकारांत घातला. पुढे पाचशे-सहाशे वर्षांनी युरोपात अशाच माणसांना जिवंत जाळले गेले.

याहून वेगळी माणसेही असतात. आपल्या आतला जीव लांडग्याचा किंवा मांजराचा आहे असे त्यांना लहानपणापासून वाटते, आपले शरीर माणसाचे आहे हेही ती पक्के जाणतात, नोकरी करतात, संसार करतात. त्यांना भ्रम नसतो आणि तेवढ्यावरून त्यांना रोगी ठरवायचे कारण नाही. झोप, जेवण, काम बिघडले, जिवाला धोका दिसला, तर मात्र लगेच डॉक्टर गाठावा.

इब्न सीनाला स्वतःचे पथ्य जमले नाही. दिवसा दरबार, रात्री लेखन, झोप येऊ लागली की मद्याचा पेला. इस्फहानच्या राजाबरोबर मोहिमेवर असताना त्याला पोटशूळ उठला. लवकर बरे व्हायच्या घाईत त्याने एका दिवसात आठ वेळा एनिमा घेतला आणि आतड्याला जखमा झाल्या. मदतीला असलेल्या वैद्याने अजमोद्याचे बी सांगितल्यापेक्षा जास्त घातले. एका नोकराने औषधात अफू मिसळली. थोडे बरे वाटताच तो पुन्हा पहिल्यासारखा वागू लागला. हमदानच्या वाटेवर दुखणे उलटले. तिथे पोचल्यावर त्याने औषधे बंद करायला सांगितली, गुलामांना मुक्त केले, पैसे वाटून टाकले. 1037 मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, तो गेला. त्याची कबर हमदानमध्येच आहे.