ठगांचे जबाब ऐकणारा टेलरसाहेब

धारवाड : गदग, लक्कुंडी, हानगल ही आज दुसऱ्या जिल्ह्यांत मोडत असली, तरी 1997 पर्यंत हा सगळा मुलूख धारवाड जिल्ह्यातच होता. या जुन्या धारवाड जिल्ह्यातल्या आणि म्हैसूरच्या देवळांवर 1866 साली लंडनमध्ये फोटोंचा एक जाडजूड ग्रंथ निघाला. फोटो डॉ. पिगू, नील आणि कर्नल बिग्ज यांचे होते. सोबतची ऐतिहासिक माहिती कर्नल फिलिप मेडोज टेलर यांनी लिहिली. पण इंग्लंडात टेलर ओळखले जात ते देवळांमुळे नव्हे, तर एका खुन्याच्या कादंबरीमुळे.

'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही त्यांची कादंबरी 1839 मध्ये तीन खंडांत आली आणि प्रचंड गाजली. नुकतीच गादीवर आलेली व्हिक्टोरिया राणी तर पुस्तक छापून होईपर्यंत थांबली नाही, प्रुफंच मागवून वाचू लागली. त्या कादंबरीचं मूळ सापडतं ते आपल्याच भागात, तुळजापूर आणि हैदराबादच्या रस्त्यांवर.

पंधराव्या वर्षी मुंबईत

टेलर यांचा जन्म 25 सप्टेंबर 1808 रोजी लिव्हरपूलला झाला. वडील व्यापारी, पण धंदा बुडाला. पंधरा वर्षांच्या पोराला मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून पाठवलं. पुढे भागीदारी मिळेल असं आश्वासन होतं, पण तो व्यापारी स्वतःच अडचणीत निघाला. शेवटी एका नातेवाइकाच्या खटपटीने 1824 मध्ये निजामाच्या फौजेत नोकरी लागली.

साहेबांच्या क्लबात रमण्यापेक्षा टेलर भाषा शिकत बसले. विशीच्या आसपासच त्यांच्याकडे पोलिसांचं काम आलं आणि मराठी मुलखात फिरती सुरू झाली. तुळजापूर भागात असताना प्रवासी नाहीसे होतात, रस्त्याकडेला अनोळखी प्रेतं सापडतात, अशा गोष्टी कानावर येऊ लागल्या. त्यांनी चौकशीला हात घातला, पण तेवढ्यात पलटणीत परत येण्याचा हुकूम आला आणि तपास अर्धवट राहिला. पुढे ठगांच्या टोळ्या उघडकीला आणल्याचं श्रेय जबलपूरच्या स्लीमन यांना गेलं. हातातली केस गेल्याची रुखरुख टेलर यांना म्हातारपणापर्यंत होती.

अमीर अली कुठून आला?

ठगांची पद्धत ठरलेली असे. व्यापारी किंवा यात्रेकरू बनून वाटसरूंच्या सोबत लागायचं, दोन-चार मुक्काम एकत्र जेवायचं, विश्वास बसू द्यायचा. मग एखाद्या निवांत जागी तमाखू आणा, अशी साधी वाटणारी खूण झाली की मागून गळ्यात रुमाल. प्रेतं पुरून टोळी पुढच्या गावाला. मारणारा आणि मरणारा दोघेही परमुलखातले. त्यात रस्ता कधी एका संस्थानातून, कधी दुसऱ्यातून जाई. एका हद्दीतला गुन्हा दुसऱ्या हद्दीत कोण बघणार? सीमाभागातल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

1830 नंतर धरपकड वाढली. पकडलेल्या काही ठगांना माफीचे साक्षीदार केलं गेलं. हैदराबादमध्ये असे जबाब घेण्याचं काम टेलर यांच्याकडेही आलं. अमीर अली या ठगाची भेट 1832 मध्ये झाली, असं त्यांनी कादंबरीच्या प्रस्तावनेत म्हटलं आहे. त्याने 719 खुनांची कबुली दिल्याचा आकडाही तिथेच आहे. पुढे तापाने अंथरूण धरलं, तेव्हा टेलर यांनी ही कहाणी लिहायला घेतली.

कादंबरीतला अमीर अली लहानपणी आईबापांना मुकतो. ज्या टोळीने त्यांना मारलं, तिचाच म्होरक्या त्याला पोटच्या पोरासारखा वाढवतो. मोठा झाल्यावर नकळत सख्ख्या बहिणीचा जीवही तो घेतो. हा भाग कादंबरीकाराचा. बारकावे मात्र जबाबांतले : टोळीतली कामाची वाटणी, शकुन-अपशकुन, खाणाखुणांची भाषा. इंग्रजीतली पहिली मोठी गुप्तहेर कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'मूनस्टोन' आली 1868 मध्ये, म्हणजे टेलर यांच्यानंतर 29 वर्षांनी.

जबाब किती खरे?

इथे एक अडचण आहे. माफीच्या साक्षीदाराचा जीव त्याच्या बोलण्यावर टांगलेला. जितकी नावं सांगेल तितकी फाशी लांब. त्यात 1836 च्या कायद्याने ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप देता येऊ लागली. मग कितीजण खरे ठग आणि कितीजण नाव घेतलं म्हणून अडकलेले? नंतरच्या इतिहासकारांनी हा प्रश्न वारंवार विचारला. रस्त्यावर खून होत होते, यात शंका नाही. पण देशभर पसरलेल्या एकाच गुप्त पंथाचं जे चित्र विलायतेत रंगलं, त्यात या कादंबरीचा वाटा मोठा होता.

सुरपूरचा राजा

टेलर यांच्या आयुष्यात दुसराही एक कबुलीजबाब आहे, आणि तो त्यांना मिळालाच नाही.

1840 च्या दशकात ते सुरपूरला, म्हणजे आजच्या यादगीर जिल्ह्यात, संस्थानाचा कारभार बघायला गेले. राजा व्यंकटप्पा नायक तेव्हा लहान होता. तो टेलर यांना अप्पा म्हणायचा. 1853 मध्ये कारभार राजाच्या हाती देऊन टेलर नळदुर्गच्या किल्ल्यात राहायला गेले. 1858 मध्ये सुरपूर इंग्रजांवर उठलं. त्याच वर्षी धारवाड जिल्ह्यातल्या नरगुंदचे बाबासाहेब भावेही उठले आणि त्यांना बेळगावात फाशी झाली.

व्यंकटप्पा हैदराबादेत पकडला गेला. टेलर त्याला तुरुंगात भेटले. बंडाला चिथावणाऱ्यांची नावं सांगितली तर सुटकेची आशा होती. राजाने एकही नाव सांगितलं नाही आणि जिवाची भीकही मागितली नाही. फाशीची शिक्षा कमी होऊन चार वर्षांच्या कैदेवर आली, पण मद्रासकडे नेत असताना वाटेतच त्याने पिस्तुलाने स्वतःचा शेवट केला. ही हकिगत टेलर यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली. मराठी वाचकांना ती सावरकरांच्या 1857 वरच्या पुस्तकातून ठाऊक आहे.

1860 मध्ये टेलर विलायतेला परतले. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवरची 'तारा' (1863), प्लासीच्या काळातली 'राल्फ डार्नेल' (1865) आणि 1857 वरची 'सीता' (1872) या कादंबऱ्या तिथेच लिहिल्या. दृष्टी गेली तरी 1875 मध्ये ते पुन्हा हिंदुस्थानात आले. परतीच्या वाटेवर फ्रान्समध्ये 13 मे 1876 रोजी त्यांचं निधन झालं. आत्मचरित्र मुलीने पुढच्या वर्षी छापलं.

सुरपूरच्या डोंगरावर त्यांचा बंगला, टेलर मंजिल, आजही उभा आहे. ज्यांनी जीव वाचवण्यासाठी नावं सांगितली, त्यांच्यावर टेलर यांनी कादंबरी लिहिली. ज्याने सांगितली नाहीत, त्याच्यावर कादंबरी लिहिणं मात्र त्यांना जमलं नाही. त्याची हकिगत आत्मचरित्राच्या पानांतच राहिली.