पाच डॉलरची गिटार

पहिली गिटार घ्यायचीय, पण बजेटची बोंब आहे? ऑनलाइन कार्टमध्ये तीन गिटार पडून आहेत, रिव्ह्यू वाचून डोकं भंजाळलंय आणि घरून आधी सेमिस्टर नीट काढायची ताकीद मिळालीय? मग पेमेंटचं बटण दाबण्याआधी जिमी हेण्ड्रिक्सची गोष्ट वाचाच. विस्कटलेल्या दाट केसांचा, गिटार उलटी धरलेला हा माणूस तुम्ही कुणाच्या तरी टी-शर्टवर नक्की पाहिला असेल. जगातल्या सगळ्यात मोठ्या गिटारिस्टमध्ये त्याचं नाव घेतात. त्याची पहिली गिटार होती फक्त ५ डॉलरची.

जिमीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटल शहरातला. घरात पैशांची चणचण कायमची. तो नऊ वर्षांचा असताना आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि तो वडिलांकडे, अ‍ॅलकडे, राहिला. शाळेत असताना हा पोरगा हातात झाडू घेऊन फिरायचा. झाडायला नाही हं, गिटार म्हणून! वर्षभराहून जास्त काळ हे चाललं, तेव्हा शाळेतल्या समाजसेविकेला राहवलं नाही. गरीब मुलांसाठीच्या निधीतून याला गिटार मिळावी म्हणून तिने पत्र लिहिलं. गिटार नाही मिळाली तर मुलाच्या मनावर परिणाम होईल, इतकं स्पष्ट तिने त्यात मांडलं होतं. उपयोग शून्य. शाळेने दिली नाही, वडिलांनीही घेतली नाही.

१९५७ मध्ये वडिलांसोबत एका बाईंच्या घरची साफसफाई करताना त्याला कचऱ्यात एक युकुलेले सापडलं. त्याला तार एकच. बाईंनी ते त्याला देऊन टाकलं. आता एका तारेवर कॉर्ड वाजत नाही, वाजतो तो एक एक सूर. मग त्याने तेच केलं. एल्व्हिस प्रेस्लीची गाणी ऐकायची आणि कानाने एकेक सूर शोधून काढायचा. नोटेशन वाचायला तो पुढे आयुष्यभर शिकला नाही, पण त्याचा कान तयार झाला तो असा.

१९५८ च्या सुरुवातीला आई गेली. त्याच वर्षी, पंधराव्या वर्षी, ५ डॉलर मोजून त्याने पहिली अकूस्टिक गिटार मिळवली. आणखी एक अडचण होतीच. जिमी डावखुरा, आणि बाजारातल्या बहुतेक गिटार उजव्या हाताच्या. डावखुऱ्यांसाठीची वेगळी गिटार शोधत बसण्याऐवजी त्याने साधी गिटार उलटी केली आणि तारा काढून उलट क्रमाने लावल्या. ही सवय त्याला शेवटपर्यंत राहिली. म्हणून फोटोंमध्ये त्याच्या गिटारची बटणं खाली नाही, वर दिसतात.

मग बँड आला आणि त्या गिटारची मर्यादा कळली. बाकीच्यांच्या आवाजात त्याची अकूस्टिक ऐकूच जाईना. म्हणजे इलेक्ट्रिक हवी होती ती शायनिंगसाठी नव्हे, ऐकू जाण्यासाठी. १९५९ मध्ये वडिलांनी अखेर पांढरी सुप्रो ओझार्क घेऊन दिली. ती एका रात्री त्याने स्टेजमागे ठेवली आणि चोरीला गेली! वडिलांनी पुन्हा खिशात हात घातला आणि लाल रंगाची सिल्व्हरटोन आणली.

तुमच्या-आमच्या कामाची गोष्ट इथेच आहे. जिमीची प्रत्येक पुढची गिटार आधीची गिटार अपुरी पडल्यावर, नाहीतर हातातून गेल्यावर आली. आपण उलटं करतो. एकही कॉर्ड येत नसताना पाच वर्षांनी लागेल ती गिटार आज ईएमआयवर घ्यायला निघतो. पण स्वस्त म्हणजे काहीही उचला असंही नाही. तारा फ्रेटपासून फार उंच असतील तर बोटं सोलवटतात आणि महिन्याभरात गिटार कपाटावर जाते. त्यामुळे नेक सरळ आहे ना, खुंट्या सुराला धरून राहतात ना, फ्रेटच्या कडा हाताला टोचत नाहीत ना, एवढं बघा. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्याच सुराचा, फक्त एक सप्तक वरचा यायला हवा. सेकंडहँड चालेल, पण वाजवणाऱ्या मित्राला सोबत न्या. सगळं बजेट गिटारवर उडवू नका. नव्या तारा आणि सेटिंग करून घेण्यापुरते पैसे बाजूला ठेवा.

पुढची कहाणीही सोपी नाही. चोरीच्या गाड्यांमधून फिरताना जिमी दोनदा पकडला गेला. तुरुंग की लष्कर, असा प्रश्न आला आणि १९६१ मध्ये तो लष्करात भरती झाला. तिथेही वडिलांकडून लाल गिटार मागवून घेतली. कामापेक्षा वाजवण्याकडेच लक्ष म्हणून वरिष्ठ वैतागले आणि पुढच्याच वर्षी तो बाहेर पडला. मग दुसऱ्यांच्या मागे उभं राहून वाजवण्याची वर्षं. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधली हौशी कलाकारांची स्पर्धा त्याने जिंकली, तेव्हा बक्षीस होतं २५ डॉलर. आयझली ब्रदर्स, लिटल रिचर्ड अशा मोठ्या नावांसोबत तो वाजवत होता, पण खिसा रिकामाच.

१९६६ मध्ये चॅस चँडलरने त्याला हेरलं आणि लंडनला नेलं. पुढच्या वर्षी माँटेरेच्या स्टेजवर त्याने स्वतःची गिटार पेटवली आणि अमेरिका बघत राहिली. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकला त्याने पांढऱ्या स्ट्रॅटोकास्टरवर अमेरिकेचं राष्ट्रगीत असं वाजवलं, की त्यात बॉम्बचे आवाज ऐकू आल्याचं लोक आजही सांगतात. १८ सप्टेंबर १९७० ला लंडनमध्ये तो गेला. वय फक्त २७.

वुडस्टॉकची ती पांढरी गिटार आज सिएटलच्या म्युझियममध्ये आहे. त्याच शहरात, जिथे एका पोराला गिटारसाठी निधी मिळाला नव्हता. गरिबीने त्याला मोठं केलं असं मात्र कुणी म्हणू नये. तिने त्याची कितीतरी वर्षं खाल्ली. तेव्हा घरात पडून असलेली जुनी गिटार तुमच्याकडे असेल, तर ती वर्गातल्या एखाद्या झाडूवाल्या जिमीला देऊन टाका. आणि तुम्हीच तो जिमी असाल, तर बजेटमध्ये बसेल ती घ्या आणि आज रात्रीच सुरात लावा.