पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

आज तिकीट काढून गाण्याच्या मैफलीस जाणे कोणास नवलाचे वाटत नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी उत्तम गाणे बहुधा राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातच ऐकावयास मिळे. सामान्य माणसाला तेथे प्रवेश नसे. आणि ज्यांना असे, ते सारेच लक्ष देऊन ऐकत, असेही नाही. ही स्थिती पालटण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते पंडित विष्णु दिगंबर पलुसकर होत.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील कीर्तनकार असल्यामुळे घरात अभंग-पदांचा घोष नित्याचाच होता. लहानपणी फटाक्याच्या दारूने विष्णूच्या डोळ्यांना इजा झाली व दृष्टी फार अधू झाली. शाळेचे शिक्षण थांबले. तेव्हा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तो गाणे शिकू लागला. बुवांची शिस्त कडक होती, पण विद्या अस्सल.

मिरजेत एकदा एका समारंभाचे निमंत्रण विष्णूस आले. गुरुजींना मात्र आले नाही. चौकशी करता कळले, की ते केवळ गवई म्हणून त्यांना वगळले होते! हा घाव तरुण विष्णूच्या जिव्हारी लागला, असे सांगतात. १८९६ मध्ये मिरजेचा राजाश्रय सोडून ते बाहेर पडले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. कोणाच्या मेहेरबानीवाचून, चार पैसे देऊन, कोणीही यावे व ऐकावे! त्या काळी ही गोष्ट धाडसाचीच होती.

५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले. आरंभी विद्यार्थीच येईनात. तरी पंडितजी ठरल्या वेळी तंबोरा जुळवीत आणि रिकाम्या वर्गात एकटेच गात बसत. हळूहळू मुले येऊ लागली; पुढे स्त्रियाही शिकू लागल्या. त्यांच्यासाठी पंडितजींनी स्वरलेखनाची पद्धत बसविली व क्रमिक पुस्तके काढली. बंदिशींतील हलके शब्द काढून तेथे भक्तीचे शब्द घातले. जाणत्यांना हे सारेच रुचले नाही. पण घरोघरच्या लोकांना मुलांस गाण्याच्या शाळेत धाडण्याचा धीर आला, तो यामुळेच. शिकणारा प्रत्येक जण काही गवई होत नाही. परंतु ज्याने एकदा षड्ज लावून पाहिला, त्याला दुसऱ्याचा स्वर कसा लागला हे ओळखू येते, आणि मैफलीत तो कान देऊन बसतो. आपण थट्टेने ज्यास कानसेन म्हणतो, तो असा घडतो.

१९०८ मध्ये मुंबईस विद्यालय निघाले. तेथील भव्य इमारत पुढे कर्जापायी हातची गेली. पंडितजी नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात राहून गात व शिकवीत राहिले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचेच शिष्य. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस पंडितजींचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. त्याच्या संगीत परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात.