आधी ऐकावं, मग बोलावं



नवविधा भक्तीत पहिली पायरी श्रवणाची. पण आपण घरात तरी एकमेकांचं नीट ऐकतो का? या विचाराने आज आपल्या ग्वाल्हेरशी जोडलेल्या एका थोर माणसाची आठवण करू या. पंडित विष्णु नारायण भातखंडे.

१० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वरला त्यांचा जन्म झाला. शिकून वकील झाले, पण जीव गाण्यात. १९०० मध्ये पत्नी गेली, १९०३ मध्ये मुलगीही गेली. दुसरा कोणी खचला असता. त्यांनी वकिली सोडली आणि ऐकायला बाहेर पडले.

१९०४ मध्ये दक्षिणेत गेले. भाषा परकी, पद्धत वेगळी. तरी तिथल्या विद्वानांना भेटले, प्रश्न विचारले, उत्तरं वहीत उतरवली. पुढे उत्तर भारतही पालथा घातला. त्या काळी बरेच उस्ताद आपल्या चीजा सहजी कोणाला देत नसत. भातखंडे स्वतः पंडित, पण जयपूरच्या महंमद अली खाँसाहेबांपुढे शिष्य होऊन बसले. ऐकलेलं लिहिता यावं म्हणून सोपी स्वरलिपी केली. अशा शेकडो चीजा 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत जपल्या गेल्या. दक्षिणेच्या ७२ मेळांचा अभ्यास करून आपल्या रागांसाठी १० थाट मांडले.

ऐकायचे म्हणून सगळ्यालाच मान डोलवायचे, असं मात्र नाही. पटलं नाही तर स्पष्ट सांगत. पण आधी ऐकून घेत.

१९१७ मध्ये माधवराव महाराज शिंदे यांनी ग्वाल्हेरचे काही गवई त्यांच्याकडे मुंबईला शिकायला पाठवले. त्यात राजाभैया पूछवाले होते. वय पस्तिशीचं, गाण्यात नाव झालेलं, तरी पुन्हा विद्यार्थी झाले! १९१८ मध्ये इथे माधव संगीत विद्यालय सुरू झालं. पुढे राजाभैया त्याचेच प्राचार्य झाले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी पंडितजी गेले.

आता माझंच सांगते. परवा मुलगा ऑफिसमधला त्रास सांगत होता. त्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत माझा उपदेश सुरू. तो म्हणाला, जाऊ दे आई, आणि उठून गेला. रात्रभर मला चुटपुट लागली. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन त्याच्याजवळ बसले आणि नुसतं ऐकलं. अर्धा तास बोलला. त्याला सल्ला नकोच होता, कोणीतरी ऐकायला हवं होतं.

या आठवड्याचा संकल्प 🌼
▪️ कोणी बोलत असेल तर मोबाइल उलटा ठेवायचा.
▪️ वाक्य मध्येच तोडायचं नाही.
▪️ उत्तर देण्याआधी विचारायचं, तुला असंच म्हणायचंय ना?
▪️ ऑफिसात साहेबांचं ऐकतो तितक्याच लक्षाने शिपायाचं आणि घरी सासू-सुनेने एकमेकींचं ऐकायचं.

गुरुवारी भेटू तेव्हा काय अनुभव आला ते सांगा. मी ऐकणार आहे 😊

आपली गुरुभगिनी,
ग्वाल्हेर