पक्षाघातानंतरचे दोन पक्षी

विन्स्लो होमर हे अमेरिकेतील वास्तववादी चित्रकलेतले मोठे नाव. २४ फेब्रुवारी १८३६ रोजी बोस्टनमध्ये त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते शिळाछापखान्यात उमेदवारी करत होते. तैलचित्रे ते बहुतेक स्वतःच शिकले. यादवी युद्धात 'हार्पर्स वीकली'साठी त्यांनी आघाडीवरची रेखाचित्रे काढली. झाडावर दबा धरून नेम घेणारा सैनिक हे त्यांचे १८६३चे तैलचित्र. मरणाशी त्यांची ओळख अशी लवकर झाली.

१८८३पासून ते मेन राज्यात प्राउट्स नेक येथे समुद्रकाठी राहिले. लग्न केले नाही. मासेमारीचा त्यांना भारी नाद. ॲडिरॉन्डॅकच्या जंगलातील शिकार त्यांनी जवळून पाहिली. तिथे कुत्रे हरणाला तळ्यात हाकलत आणि शिकारी ते पाण्यात गाठत. १८९२च्या चित्रात होडीतला पोरगा मेलेल्या हरणाची शिंगे धरून बसला आहे. पुढच्याच वर्षीच्या 'द फॉक्स हंट'मध्ये कोल्हा खोल बर्फात रुतला आहे आणि भुकेले कावळे त्याच्यावर झेपावत आहेत. शिकार करणाराच सावज झाला आहे.

१९०८मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, होमर यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणे अडखळू लागले, स्नायूंवरचा ताबा गेला. स्टेथोस्कोपने रक्तदाब मोजण्याची पद्धत कोरोटकॉफ यांनी सांगितल्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. रक्तदाबावर परिणामकारक गोळी नव्हती, सीटी स्कॅन नव्हता. झटका सौम्य होता म्हणून ते सावरले आणि पुन्हा ब्रश हाती घेतला.

१९०९च्या आरंभी 'राइट अँड लेफ्ट' पूर्ण झाले. खवळलेल्या समुद्रावर दोन रानबदके. एक खाली कोसळते आहे, दुसरे पंख फडफडवते आहे. लाटांपलीकडे होडी आणि बंदुकीचा लाल ठिपका. दुनळी बंदुकीने एकापाठोपाठ दोन पक्षी टिपणे, असा नावाचा अर्थ. पण आपण उभे आहोत ते शिकाऱ्याच्या बाजूला नाही, पक्ष्यांच्या बाजूला. गोळी आपल्याच दिशेने येते आहे. २९ सप्टेंबर १९१० रोजी प्राउट्स नेक येथेच होमर यांचे निधन झाले. झटक्यानंतर त्यांना दोन-अडीच वर्षे मिळाली आणि त्यात हे चित्र झाले.

भिवंडीत लकवा झालेल्या यंत्रमाग कामगाराचा पहिला प्रश्न असतो, हात पुन्हा मागावर चालेल का? उत्तर बरेचसे पहिल्या काही तासांवर ठरते. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली, तर मधला भाग मिनिटांत मरू लागतो. भोवतालच्या पेशी मात्र काही तास तग धरतात. सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नसल्यास, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत देता येते. हा वेळ मालिशीत किंवा कबुतराचे रक्त चोळण्यात गेला, की परत मिळत नाही.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे जड झाले, तर लगेच १०८ला फोन करा आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. नंतर फिजिओथेरपी सोडू नका. सरावाने मेंदूचा शाबूत भाग गेलेले काम पुन्हा शिकतो. आणि रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नका.