पंडिता रमाबाईंनी काय सोडले, काय राखले

ख्रिस्ती झाल्यावर विडी सोडलीच पाहिजे काय, हा प्रश्न सातपुड्याच्या बाजूच्या मंडळ्यांतून पुष्कळदा निघतो. बऱ्हाणपुराहून खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, नेपानगरजवळ, चांदनी हे लहानसे ठाणे आहे. भोवताली जंगल आणि जंगलात तेंदूची झाडे. उन्हाळा लागला की पाने तोडायची, पुडके बांधायचे, चार पैसे मिळवायचे. पाहुणा आला म्हणजे पाण्याच्या तांब्यापाठोपाठ विडी पुढे करायची. अशा घरातला एखादा मनुष्य प्रभूकडे येतो, बाप्तिस्मा मागतो, आणि मंडळीत दोन मते होतात. एक वडील म्हणतात, आधी विडी टाकू द्या, मग बाप्तिस्म्याचे बोलू. दुसरे म्हणतात, तारण कृपेने आहे, विडीने ते अडत नाही. शब्बाथ शाळेचा शिक्षक मधल्यामध्ये सापडतो, कारण मुले त्यालाच विचारतात.

याचे उत्तर एका वाक्यात देता येईल असे आम्हांला वाटत नाही. म्हणून या वेळी पंडिता रमाबाईंचे चरित्र याच बाजूने पाहावे असा विचार आहे. विडी-तंबाखूशी बाईंचा काही संबंध नव्हता. परंतु नव्या विश्वासणाऱ्याने जुने काय टाकावे, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून टाकावे, या प्रश्नाशी आपल्या मराठी मंडळीत त्यांच्याइतके झगडलेले माणूस विरळा.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्या काळी स्त्रीला संस्कृत शिकवणे हे पाप समजले जाई. शास्त्रीबुवांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, ते शिकवले. लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवले. पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळात पुराण सांगत, पायी हिंडू लागले. रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत झाले ते असे वाटचालीत.

मग दुष्काळ आला. जवळचा पैसा संपला, दागिने गेले, भांडीकुंडी गेली. या दिवसांची हकीकत बाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे, आणि तिच्यातली एक गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. अंगात बळ होते, मजुरी मिळत होती, पण हाताने काम करणे या कुटुंबाला शक्य नव्हते. उच्च जातीचे, विद्वान घराण्याचे. मातीत हात कसा घालायचा? झाडपाला खाल्ला, पण टोपली उचलली नाही. शेवटी वृद्ध वडिलांनी तीर्थाच्या पाण्यात देह ठेवण्याचा निश्चय केला. त्या वेळी थोरला भाऊ श्रीनिवास याला ते पाहवले नाही. जातीचा ताठा सोडून मी मजुरी करीन, आईबापांना पोशीन, असे त्याने ठरवले. निश्चय खरा, पण उशीर झाला होता. १८७४ साली काही दिवसांतच वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण.

बहीणभाऊ उरले. दोघे पायी हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते जातीने खालचे मानलेले, आणि बंगाली. म्हणजे जातीचा बंधारा बाईंनी ख्रिस्ती होण्याच्या तीन वर्षे आधीच फोडला होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे; पुढे त्याचे काम पडेल. दीड-पावणेदोन वर्षांत पतीही वारले. पदरात लहानगी मनोरमा. १८८२ साली पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली, आणि १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या.

वाँटेज गावी सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात त्यांची सोय झाली. या भगिनींनी बिघडलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी लंडनमध्ये आश्रम चालवला होता. तो बाईंनी पाहिला. अशा स्त्रीला आपल्या देशात कोणी दारात उभे करीत नाही, आणि येथे तिला हाताला धरून उठवतात, हे कशाने? भगिनींनी त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

आता खरी कसोटी लागली. रमाबाई जन्मापासून शाकाहारी. मांस तर नाहीच, पण अंडे घातलेले पुडिंगही त्या खात नसत. पाव, दूध, भात, भाजी यांवर त्यांचे चाले. मठातल्या भगिनींना हे रुचेना. भगिनी जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक आईच्या जागी होत्या. त्यांनी खरोखर आईची माया केली, हे नाकारू नये. पण त्यांना वाटे की हा जातीचा अभिमान अजून उरला आहे. ख्रिस्तात सर्व एक झाले असता ताटातला पदार्थ दूर सारणे म्हणजे गर्वच, असे त्यांचे म्हणणे.

ज्या मुलीचे आईबाप जातीच्या ताठ्यापायी उपाशी मेले, जिने जातीबाहेर लग्न केले, तिला हे ऐकावे लागले. रमाबाईंनी उत्तर दिले ते थट्टेच्या सुरात, पण आत धार होती. माझा गर्व शोधायचाच असेल तर तो पुडिंगात शोधा, दुधा-लोण्यात शोधा, बुटांत आणि मोज्यांत शोधा, रोज जळणाऱ्या कोळशातसुद्धा शोधा, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. पूर्वजांच्या चालीरीती जेवढ्या पाळता येतील तेवढ्या मी पाळते, आणि हिंदू म्हणवून घेण्यात मला कमीपणा वाटत नाही, हेही त्यांनी स्पष्ट कळवले. त्यांच्या मते आहार हा देशाचा व सवयीचा भाग होता; विश्वासाचा नव्हता.

गळ्यातल्या क्रूसावरूनही असेच झाले. त्यावर लॅटिन अक्षरे होती. लॅटिन मलाही येत नाही, माझ्या देशबांधवांनाही येत नाही. शब्द असायचेच तर संस्कृत असावेत, असा बाईंचा आग्रह. मग बिशपांची मते आली, धर्मगुरूंची आज्ञा पाळण्याचा प्रश्न आला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान मोकळी केली ती दुसऱ्याचे जू घेण्यासाठी नव्हे, अशी बाईंची भूमिका राहिली. भगिनींना ती उद्धट वाटली. आमच्या मते ती उद्धट नव्हती, पण सोपीही नव्हती. बाई कधी कधी फार लवकर तापत, आणि शिकवणाऱ्यांच्या मनाला लागेल असे बोलत.

अंत्युखियाच्या मंडळीपुढे हाच प्रश्न सुंतेच्या रूपाने आला होता, आणि प्रेषितांची कृत्ये पंधराव्या अध्यायात यरुशलेमच्या सभेने विदेशी विश्वासणाऱ्यांवर जड ओझे न लादण्याचे ठरवले. तरी त्यांनी चार गोष्टी वर्ज्य करण्यास सांगितलेच. शब्बाथ शाळेत हा अध्याय शिकवताना अर्धाच शिकवू नये. सुंता नको म्हणणारी सभाच चार बंधने घालते.

तेव्हा विडीचे काय? शाकाहार आणि विडी एका पारड्यात बसत नाहीत, हे उघड आहे. भाजीभाकरीने कोणाचे फुप्फुस सडत नाही. तंबाखूने तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग होतो हे आज वैद्यांनी निःसंशय सिद्ध केले आहे. विडी पानाची म्हणून सौम्य, हा समज खोटा आहे. तिच्या धुरात निकोटिन व डांबर सिगारेटपेक्षा कमी नसते. शिवाय धूर एकट्याच्याच छातीत जात नाही, घरातल्या लेकरांच्याही जातो. म्हणून विडीला रमाबाईंच्या भाजीभाताचा आधार देऊ नये. पण जेराल्डीनबाईंची चूकही आपण करू नये. समोरच्याच्या हातात विडी दिसली की त्याच्या अंतःकरणात काय आहे ते आपल्याला कळले, असे मानणे ही ती चूक. बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी विडीचे बंडल मोजणारा वडील अनेकदा स्वतः चिमटीत तंबाखू मळत असतो, हेही आम्ही पाहिले आहे.

रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या, डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास उपस्थित राहिल्या, पुस्तक लिहिले, मित्रमंडळ जमवले, आणि परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. येथे येणाऱ्या विधवांना आपले सोवळे, उपासतापास, पूजा पाळण्याची पूर्ण मोकळीक होती. जी स्त्री स्वतः ख्रिस्ती, तिने दुसऱ्याच्या सोवळ्याला हात लावला नाही. पण स्वतःच्या प्रार्थनेचे दारही तिने लावून घेतले नाही. मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला, केसरीने झोड उठवली, १८९३ साली रानडे, भांडारकर अशी मंडळी सल्लागार समितीतून बाहेर पडली, पालकांनी मुली नेल्या. बाईंनी दार उघडेच ठेवले.

या गडबडीच्या थोडे आधी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या आत्म्यात एक गोष्ट घडली. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलाच नव्हता, असे त्यांना तीव्रतेने जाणवले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होऊन गेली होती! ही आठ वर्षे ज्यांना अवघड वाटतात त्यांनी जरा थांबावे. कोणाच्या जीवनात देव कोणते काम कोणत्या वर्षी करील, हे मंडळीच्या नोंदवहीवरून ठरत नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्यप्रांतात गेल्या. उपाशी, रोगी, रस्त्यावर पडलेल्या मुली पाहून त्यांना आपले दिवस आठवले. तीनशेच्या आसपास मुली त्यांनी आणल्या. जबलपूरकडून मुंबई इलाख्यात येणारा लोहमार्ग १८७० पासून चांदनीवरूनच जात होता. या बाजूच्या लोकांना त्या दुष्काळाची झळ ठाऊक होती. पुण्यात प्लेग, म्हणून मुलींना केडगावच्या मळ्यात तंबू ठोकून ठेवले. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

मुक्तीत पंगत एकच होती. येथे सोवळे नव्हते, वेगळी चूल नव्हती. सर्व जातींच्या मुली एका ओळीत बसत. आणि प्रत्येकीला हाताने काम करणे भाग होते. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सारे स्त्रियांच्या हातात. ज्या कामाला बाईंच्या घरचे लोक मरेपर्यंत हात लावू शकले नाहीत, ते काम येथे उपासनेइतकेच नित्याचे झाले. जातीचा ताठा टाकायचा म्हणजे काय, हे त्यांनी पुडिंग खाऊन दाखवले नाही; टोपली उचलून दाखवले. शाकाहार त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. अंगावर साधी पांढरी साडी असे.

१९०५ च्या संजीवनाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे ते सोडतो.

शेवटची वर्षे बाईंनी एका कामाला वाहिली. इब्री व ग्रीक भाषा शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचे मूळ भाषांवरून मराठी भाषांतर हाती घेतले. चालू भाषांतर त्यांना जड वाटे. शेतात राबणाऱ्या, नुकती अक्षरे शिकलेल्या बाईला ते कळले पाहिजे, हा त्यांचा ध्यास. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. भाषांतर पुरे झाले होते, ते १९२४ साली छापून निघाले.

त्या भाषांतरात त्यांनी कठीण संस्कृत शब्द आणि जुन्या पूजाविधीचा वास असलेले शब्द निवडून निवडून बाजूला काढले. जिला कलकत्त्याच्या पंडितांनी संस्कृतासाठी सरस्वती म्हटले, जिने गळ्यातल्या क्रूसावर संस्कृतच हवे म्हणून आपल्या धर्ममातेशी वाद घातला, तिनेच आपले संस्कृत केडगावच्या दुष्काळी मुलींसाठी खाली ठेवले. ते टाका असे तिला वाँटेजहून कोणी लिहिले नव्हते, आणि मंडळीतल्या कोणा वडिलांनीही सांगितले नव्हते.